वेग कोणाचा, घाई कोणाची?

(विश्रामबाग येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या विषयाची सूचना फलकावर लागली तेव्हा आपल्यातील एका जुन्या कार्यकर्त्याने मला वाटेत थांबवून विचारले, “सर, वाहनांची वेगमर्यादा हा आरटीओचा विषय, तो अभ्यासवर्गात कशाला?” प्रश्न रास्त होता. महागाई, बेकारी, शेतीमालाचे भाव हे आपले नेहमीचे विषय. परंतु ज्या प्रश्नापायी या देशात एका वर्षात दीड लाखाहून अधिक माणसे प्राणास मुकतात आणि ज्यात मरणाऱ्यांपैकी बहुसंख्य पायी किंवा दुचाकीवर असतात, तो प्रश्न केवळ वाहतूक पोलिसांवर सोपवून आपण मोकळे कसे होणार? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती आणि १९ टक्क्यांहून अधिक पादचारी होते. आपल्या समाजातील कोणता थर पायी चालतो आणि कोणता थर एका दुचाकीवर सारा संसार नेतो, हे मी तुम्हांला सांगायला नको.

या भाषणाची तयारी म्हणून मी गेला पंधरवडा एक उद्योग केला. विश्रामबाग चौकात, रिक्षा थांब्यावर, चहाच्या गाड्यावर, जो भेटेल त्या चालकाला विचारीत गेलो, “तुमच्या गाडीला या रस्त्यावर किती वेगाची परवानगी आहे?” याला पाहणी म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, आयुष्यभर संख्याशास्त्र शिकविलेल्या माणसाला तेवढी लाज असते. पण उत्तरे ऐकण्यासारखी होती. एक रिक्षावाले म्हणाले, “आमची गाडी पळतीय किती, की मर्यादा विचारताय?” अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने मोटारसायकलच्या काट्यावरचा शेवटचा आकडा सांगितला! वडापच्या जीपवाल्याने हसत हसत खरे काय ते सांगून टाकले: “सर, एसटी मागनं यायच्या आत पुढचा थांबा गाठायचा, हीच मर्यादा.” उसाच्या ट्रॅक्टरवरील तरुणाचे म्हणणे होते, “बोर्ड दिसला तर बघायचं की. दिसतोय कुठं?” आणि मोटारीतून उतरलेल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी ठामपणे ‘ऐंशी’ असे सांगून, हायवेला शंभर, अशी पुस्ती जोडली. त्यांच्याही उत्तराचा पहिला भाग चुकलेलाच होता.

दुसऱ्यांना हसण्यापूर्वी माझाही कबुलीजबाब ऐका. मी तीस वर्षे स्कूटर चालविली. परवाना काढताना हात कसे दाखवावेत हे पाठ केले होते, आठचा आकडा काढून दाखविला होता. मात्र दुचाकीला शहरात कायद्याने किती वेग मान्य आहे, हे मला निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हते, आणि या तीस वर्षांत ते मला कोणी विचारलेही नाही.

तेव्हा कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमाने कमाल वेग ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे, आणि सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या भागात किंवा रस्त्यावर त्याहून कमी मर्यादा घालण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला दिला आहे. त्यासाठी अधिसूचना हवी आणि रस्त्यावर फलक हवा. या अधिकारात केंद्राने ६ एप्रिल २०१८ रोजी जी अधिसूचना काढली, तिच्यात मर्यादा दोन गोष्टींवर अवलंबून ठेवली: वाहन कोणते आणि रस्ता कोणता. चालकाखेरीज आठ आसनांपर्यंतच्या मोटारीला द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, आणि नगरपालिका हद्दीत व इतर रस्त्यांवर ७०. बसगाड्यांना याच क्रमाने १००, ९० आणि ६०. मालवाहू गाड्यांना पहिल्या दोन रस्त्यांवर ८० आणि अन्यत्र ६०. मोटारसायकलला चौपदरी रस्त्यावर ८०, शहरात आणि इतरत्र ६०. तीनचाकी रिक्षेला सर्वत्र ५०. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली ही वेगवाढ मानवी जीविताच्या विरोधात जाणारी ठरवून अधिसूचना रद्दबातल केली होती. तरी व्यवहारात देशभर याच आकड्यांचा आधार घेतला जातो.

यातून पहिला गैरसमज कोठून येतो ते ध्यानात येईल. चालक एकच आकडा लक्षात ठेवतो, आणि तो बहुधा मोटारीचा असतो, कारण फलकावर तोच ठळकपणे दिसतो. पाठीमागे दहा टन माल असलेला ट्रकवालाही तोच आकडा आपला मानतो. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. कमाल मर्यादा म्हणजे तेवढ्या वेगाने जाण्याचा हक्क, अशी समजूत आहे. वस्तुतः ती छताची उंची आहे. पाऊस, धुके, वळण, शाळा, बाजार यांप्रमाणे वेग त्याखाली आणणे हे चालकाचे कर्तव्य कायद्यानेच सांगितले आहे.

आणि ही छताची उंची तरी कशी आहे? महापालिकेच्या हद्दीत जेथे कमी मर्यादेची अधिसूचना आणि फलक नाही, तेथे मोटारीला सत्तर! आता थोडे शालेय गणित करू. ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला अकरा मीटर पुढे सरकते. समोर मूल आलेले दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. कोरडा रस्ता आणि उत्तम ब्रेक धरले तरी ही गाडी पंचवीस-सव्वीस मीटरवर थांबते. साठाच्या वेगाने तीच गाडी थांबायला पंचेचाळीस मीटर घेते. समजा मूल तीस मीटरवर आहे. चाळिसाची गाडी त्याच्या चार मीटर अलीकडे थांबेल. साठाची गाडी त्याच्यावर आदळेल, आणि आदळतानाही तिचा वेग ताशी पन्नासाहून अधिक असेल, कारण बरेचसे अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपलेले असते. वीस किलोमीटरचा फरक हा ‘थोडा जास्त वेग’ नव्हे. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, हे नववीतला मुलगाही सांगेल. चालकाला ते जाणवत नाही, कारण नव्या गाड्यांची बांधणीच अशी की आत बसलेल्याला सत्तर म्हणजे तीस वाटावेत. जुन्या स्कूटरचा एक फायदा होता, पन्नासावर ती स्वतःच थरथरू लागे.

जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ताशी तीस, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथील परिषदेच्या जाहीरनाम्यातही तेच आहे. विलिंग्डन आणि वालचंद ही दोन महाविद्यालये ज्या रस्त्याच्या आसऱ्याला आहेत, त्या आपल्या सांगली-मिरज रस्त्यावर माणसे आणि वाहने एकत्र वावरत नाहीत असे कोण म्हणेल? पुष्पराज चौकापासून विजयनगर, वानलेसवाडीपर्यंत दुतर्फा वस्ती आहे. सांगली ते मिरज अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेर. सत्तराच्या वेगाने सलग गेल्यास साडेआठ मिनिटे, चाळिसाने पंधरा. कागदावर साडेसहा मिनिटांची बचत दिसते. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक मिनिटे पुढच्या सिग्नलवर उभे राहण्यात जातात. एवढ्यासाठी आपण केवढी किंमत मोजतो, याचा हिशेब कोणत्याही अर्थसंकल्पात मांडला जात नाही. तो मिरजेच्या रुग्णालयांच्या अपघात विभागात मांडला जातो.

येथवर मी जे बोललो ते कोणत्याही रस्ता सुरक्षा सप्ताहात बोलले जाते, आणि तेथे ते इथेच संपते: चालकांनो, शिस्त पाळा. मला पुढे जायचे आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. अर्थशास्त्राची पदवी अर्धी राहिली, घरची दोन एकर कोरडवाहू, म्हणून तो पिकअप गाडी चालवितो. गाडी त्याची नाही. द्राक्षांच्या हंगामात तासगाव भागातून माल भरून वाशीच्या बाजारात नेतो. गेल्या हंगामात तो मला भेटला, डोळे तांबारलेले. मी त्याला विचारले, “किती वेगाने नेतोस रे?” तो म्हणाला, “सर, ते मी कुठं ठरवतोय? रात्री दहाला गाडी भरती. पहाटे साडेतीनला वाशीत लागली पाहिजे. लिलावाला उशीर झाला की मालाचा दर पडतोय, आणि पडलेला दर माझ्या भाड्यातनं कापत्यात.”

आम्ही दोघांनी एका कागदावर हिशेब मांडला. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. तासगाव सोडल्यापासून महामार्गाला लागेपर्यंत साठ किलोमीटरचा साधा रस्ता. वाटेत गावे, गतिरोधक, उसाच्या गाड्या. तेथे साठाच्या मर्यादेत सरासरी चाळीस पडली तरी पुष्कळ, म्हणजे दीड तास. उरले दोनशे नव्वद किलोमीटर. मालगाडीला मर्यादा ऐंशी. परंतु खंबाटकी आहे, पुण्याची गर्दी आहे, बोरघाट आहे, टोलनाके आहेत. सरासरी साठ धरा, पावणेपाच तासांच्या वर गेले. अर्धा तास चहा आणि विसावा, कारण तो माणूस आहे. बेरीज झाली जवळजवळ सात तास. त्याला दिलेले होते साडेपाच. हा जो दीड तासाचा फरक आहे, तो भरून काढायचा म्हणजे कायदा मोडायचा, किंवा चहा सोडायचा आणि झोप सोडायची. तो तिन्ही करतो. २०१५ सालच्या नियमाप्रमाणे नव्या व्यावसायिक वाहनांना वेगनियंत्रक बसविणे सक्तीचे झाले. सर्वसाधारणपणे ऐंशीची आणि शाळेच्या बसगाड्या, टँकर, डंपर यांना साठाची मर्यादा. त्याच्या गाडीला ते यंत्र बसविलेले होते. मालकाने गॅरेजमध्ये नेऊन त्याची वायर तोडून आणली. दंडाची पावती आली की पैसे मात्र चालकाच्या पगारातून.

२०१९ च्या दुरुस्तीने अतिवेगाचा दंड हलक्या वाहनाला एक ते दोन हजार, मध्यम आणि जड वाहनाला दोन ते चार हजार असा वाढविण्यात आला. पुन्हा गुन्हा घडल्यास परवाना अडकवून ठेवण्याची तरतूद आली. ज्याचा महिन्याचा मेहनताना बारा-पंधरा हजार आहे त्याला हे दंड जिव्हारी लागतात. पंचवीस लाखांच्या मोटारीत बसणाऱ्याला तो पथकर वाटतो. सारखा दंड हा समान दंड नसतो. फिनलंडमध्ये अतिवेगाचा दंड चालकाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात आकारतात. ही कल्पना आपल्याकडे मांडली तर आपल्याला वेड्यात काढतील, तरी मांडावी.

आता ज्यासाठी मी आज येथे उभा आहे ती गोष्ट. त्याच मोटार वाहन कायद्याचे १८३ वे कलम तुमच्यापैकी किती जणांनी वाचले आहे? अतिवेगाच्या शिक्षेचे हे कलम केवळ चालविणाऱ्याला लागू नाही. आपल्या नोकरीत किंवा आपल्या नियंत्रणाखाली असलेल्या माणसाला मर्यादेपलीकडे गाडी चालवायला लावणाराही त्याच कलमाने दोषी ठरतो. आणि पुढे असे आहे की, एखादे वेळापत्रक प्रसिद्ध केले, किंवा अमुक प्रवास अमुक वेळात पुरा करावा असा आदेश दिला, आणि त्या परिस्थितीत वेगमर्यादा न मोडता तो प्रवास त्या वेळात पुरा होण्यासारखा नाही असे न्यायालयाचे मत झाले, तर ते वेळापत्रक किंवा तो आदेश हाच, तो देणाऱ्याने गुन्हा केल्याचा प्रथमदर्शनी पुरावा मानावा. म्हणजे आम्ही चहाच्या टेबलावर मांडलेला तो कागदाचा हिशेब कायद्याला अगदी अपरिचित नाही. कायदा करणाऱ्यांना १९८८ सालीही ठाऊक होते की वेग नेहमीच पायातून निघत नाही, पुष्कळदा तो कचेरीतून निघतो.

हे कलम व्यवहारात कितीदा वापरले गेले असे विचाराल, तर चाळीस वर्षांच्या वकिलीतून निवृत्त झालेल्या माझ्या एका स्नेह्याला एकही खटला आठवला नाही. आदेश तोंडी असतो. चालक साक्ष देत नाही, कारण उद्या त्याला गाडी हवी असते. मोठ्या शहरांत काही वर्षे ‘दहा मिनिटांत घरपोच’ अशा जाहिराती उघडपणे भिंतींवर झळकत होत्या. याहून स्पष्ट वेळापत्रक ते कोणते? तरीही रस्त्यात अडविला गेला तो पाठीवर पिशवी बांधलेला पोरगाच.

अपघाताच्या आकडेवारीचीही हीच कथा आहे. २०२२ च्या त्याच अहवालात मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदले आहे. हा आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु तो तयार कसा होतो ते पाहा. पंचनाम्याच्या नमुन्यात एक रकाना असतो. गाडी ठोकली गेली आहे तेव्हा ती वेगात असणारच, असे धरून तो भरला जातो. रस्त्याचे वळण चुकीचे बांधले होते का, चालक सलग किती तास जागा होता, त्याला कोणी किती वाजता पोहोचायला सांगितले होते, यांचा शोध घेण्याची गरज मग कोणाला वाटत नाही. १० एप्रिल २०१८ रोजी, म्हणजे ती वेगवाढीची अधिसूचना निघाल्यावर चार दिवसांनी, सातारा जिल्ह्यात खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरच्या इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणावर मजुरांना घेऊन जाणारा टेम्पो उलटला. विजापूरकडची अठरा माणसे मेली. माल वाहायच्या गाडीत बिऱ्हाडासह माणसे भरून मजुरीसाठी निघाली होती. चालकाचा ताबा सुटला हे खरेच. त्या वळणावर आधीही अपघात होत होते आणि सगळ्यांना ते माहीत होते, हेही खरे. पुढे ते वळण टाळणाऱ्या नव्या दुहेरी बोगद्याचे काम हाती घेण्यात आले. म्हणजे वळणाचा दोष शासनाने कृतीने मान्य केला. पंचनाम्याच्या रकान्यात त्याला जागा नव्हती.

इतिहासाकडे एक धावती नजर टाकू. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरील यंत्रवाहनांना गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैलांची मर्यादा होती, पुढे लाल निशाण घेऊन माणूस चालत असे. याची आज थट्टा होते. पण १९३० साली त्याच देशाने मोटारींवरची मर्यादा साफ काढून टाकली, आणि रस्त्यावरचे मृत्यू पाहून १९३५ पासून वस्तीत तीस मैलांची मर्यादा पुन्हा आणली, ही गोष्ट थट्टा करणारे सांगत नाहीत. तेव्हा मोटार कोणाकडे होती आणि रस्त्यावर चालत कोण होते, हे पाहिले म्हणजे तो वाद तांत्रिक नव्हता हे कळते. आपल्याकडे १९३९ च्या कायद्याच्या परिशिष्टात वाहनवार मर्यादा होत्या. पुढे १९७४ साली इव्हान इलिच यांनी ऊर्जा आणि समता या विषयावरील छोट्या पुस्तकात असा हिशेब मांडला की, मोटार विकत घेण्यासाठी, पोसण्यासाठी आणि चालविण्यासाठी अमेरिकन माणूस जेवढे तास देतो ते सारे धरले, तर त्याचा खरा वेग ताशी पाच मैलही भरत नाही. त्यांची सगळी मते मला पटत नाहीत. सायकलच्या वेगावर समाज थांबवावा हे तर मुळीच नाही, कारण मिरजेला रुग्ण न्यायचा तर रुग्णवाहिकाच हवी. परंतु एकाचा वेग दुसऱ्याच्या वाटेची जागा खातो, हे त्यांनी दाखवून दिले आणि ते आपण विसरलो.

याचा अर्थ चालक निर्दोष आहे असा कोणी घेऊ नये. वडापवाल्याची शर्यत किंवा मोटारसायकलवरील तरुणाची मस्ती मला मान्य नाही; आपल्या घरची मुलेही त्यात आहेत. जानेवारी २०२४ मध्ये, धडक देऊन पळून जाणाऱ्यास दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद आली म्हणून देशभरच्या ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या, आणि सरकारने ते पोटकलम लांबणीवर टाकले. त्या वेळी आपल्यातील काहींनी संपाला डोळे झाकून पाठिंबा दिला, काहींनी चालकांना खुनी ठरविले. मेलेल्या पादचाऱ्याचा प्रश्न आणि जागरणाने पिंजलेल्या चालकाचा प्रश्न एकाच निवेदनात मांडावा, असे कोणाला सुचले नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती, पण ती पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. २०२० च्या श्रमसंहितेत तो कायदा सामावून घेण्यात आला. एका मालकाची एक पिकअप, ही आपल्या जिल्ह्याची रीत, तेव्हाही त्याच्या बाहेर राहिली.

म्हणून मी एक मसुदा तयार करून आणला आहे, मागच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात मागण्या मोजक्याच आहेत. ११२ व्या कलमाखाली सांगली-मिरज रस्त्यावर वस्तीच्या टप्प्यात चाळीस आणि शाळा-महाविद्यालये व रुग्णालयांसमोर तीस अशी मर्यादा अधिसूचित करावी, आणि फलकांवर मोटार, बस, मालगाडी, दुचाकी यांचे आकडे चित्रांसह वेगवेगळे लिहावेत, झाडांच्या फांद्यांमागे नव्हे. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत वाहन आणि रस्ता जोडून विचारलेला वेगाचा प्रश्न सक्तीचा असावा. मालवाहतुकीच्या अपघातात चालकाबरोबर माल पाठविणाऱ्याचाही जबाब घ्यावा, गाडी किती वाजता भरली आणि किती वाजता पोहोचवायची होती याची नोंद पंचनाम्यात व्हावी. साखर कारखाने आणि द्राक्ष व्यापारी यांच्या वाहतुकीच्या करारांत पोहोचण्याची वेळ कायदेशीर वेगावर मोजलेली असावी, उशिराची कपात चालकाच्या भाड्यातून होऊ नये. यातील शेवटच्या मागणीवर आपल्याच सहकारी चळवळीतील मित्र नाराज होतील, हे मी जाणून आहे. त्यांच्याशी बसून बोलावे लागेल, आणि ते हंगाम सुरू होण्यापूर्वी.

मसुदा मी त्या विद्यार्थ्याला वाचून दाखविला. त्याने दोन ठिकाणी दुरुस्ती सुचविली. साडेतीनची वेळ आता तीनवर आली आहे, असे सांगितले. सही करशील का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “सर, नाव नको. आज रात्री गाडी भरायची हाय.” तेव्हा ज्यांना रात्री गाडी भरायची नाही अशा आपणा सर्वांच्या सह्या आज येथे व्हाव्यात. पेन टेबलावर आहे.